रडारने मोजलेली ओल निर्णयाला लावण्याआधी : कृषी आयुक्तालयाला खुले पत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त, कृषी आयुक्तालय, पुणे
प्रत : मदत व पुनर्वसन विभाग, मंत्रालय, साखर आयुक्तालय, पुणे, चारही कृषी विद्यापीठांचे संशोधन संचालक

महोदय,

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून नासा-इस्रोचा ‘निसार’ हा रडार-उपग्रह गेला आणि उपग्रहावरच्या रडारने पिकाखालच्या जमिनीची ओल मोजण्याची चर्चा प्रयोगशाळेतून बाहेर पडून तालुका पातळीपर्यंत आली. शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचे राज्याचे महाअ‍ॅग्री-एआय धोरणही त्याच वर्षी मंजूर झाले. त्यामुळे येत्या हंगामांत ओलाव्याचे नकाशे विकत घेण्याचे, पेरणीच्या सल्ल्यात वापरण्याचे आणि पुढे दुष्काळाच्या व पीकविम्याच्या निकषांत बसवण्याचे प्रस्ताव आपल्यासमोर येणार, हे उघड आहे. त्या प्रस्तावांची छाननी करताना काय विचारावे, यासाठी हे पत्र.

आमचे म्हणणे एवढेच आहे. रडार जरूर वापरा. पण ज्या पिकात, ज्या दिवशी आणि जितक्या खोलीपर्यंत त्याची लहर खरोखर मातीला लागून परत येते, तेवढ्यापुरताच त्याचा आकडा निर्णयाला लावा. आणि नकाशांवर पहिला रुपया खर्च करण्याआधी जमिनीवर ओल मोजणाऱ्या जागा उभ्या करा. त्याशिवाय नकाशा बरोबर की चूक, हे सांगणारे राज्यात कोणी असणार नाही. विकणारा सांगेल तेच खरे.

रडारला पाणी ‘दिसते’ म्हणजे काय होते, ते आधी सांगतो. रडार सूक्ष्मलहरी खाली सोडते आणि परत आलेल्या लहरीची ताकद डेसिबलमध्ये मोजते. ही ताकद मातीच्या विद्युत-पारगम्यतेवर, म्हणजे विद्युतक्षेत्राला माती किती प्रतिसाद देते त्यावर, अवलंबून असते. कोरड्या मातीची पारगम्यता ३ ते ५, पाण्याची ८०च्या आसपास. माती भिजली की तिचा आकडा २०-३०वर चढतो, प्रतिध्वनी जोरात येतो. उघड्या जमिनीवर ओल घनफळाने एक टक्का वाढली तर सी-बँडच्या (साडेपाच सें.मी.च्या आसपास तरंगलांबीच्या) रडारचा प्रतिध्वनी साधारण ०.२ ते ०.३ डेसिबलने वाढतो. म्हणजे उन्हाळ्यातल्या कोरड्याठक्क जमिनीपासून भरपूर पावसानंतरच्या चिंब जमिनीपर्यंतचा सगळा प्रवास पाच-सात डेसिबलांत आटोपतो. याच पाच-सात डेसिबलांच्या पट्ट्यात नांगरटीची ढेकळे, सरीची दिशा, पानांतले पाणी, सकाळचे दव आणि रडारचा स्वतःचा गोंगाट हे सगळे घुसतात. सगळी अडचण इथे आहे.

खोलीचे गणित तरंगलांबीवर चालते. युरोपचे सेंटिनेल-१ आणि आपला ईओएस-०४ (फेब्रुवारी २०२२मध्ये सोडलेला) हे दोन्ही सी-बँडचे, तरंगलांबी साडेपाच सें.मी.च्या जवळपास. ओल्या जमिनीत ही लहर वरच्या एक-दोन सें.मी.च्या पलीकडे फारशी जात नाही. निसारवर दोन रडार आहेत : नासाचे एल-बँड, २४ सें.मी.चे, आणि इस्रोचे एस-बँड, सुमारे १० सें.मी.चे. एल-बँड साधारण वरच्या पाच सें.मी.ची हकीकत सांगते. चिंब काळ्या जमिनीत तेही कमी. ‘मुळांच्या कक्षेतील ओलावा, ६० सें.मी.पर्यंत’ असे लिहिलेला कोणताही रडार-नकाशा हा थेट मापन नसून वरच्या पाच सें.मी.वरून गणिती प्रारूपाने काढलेला अंदाज असतो. अंदाजाला आमची हरकत नाही. मात्र तो अंदाज आहे हे नकाशाच्या कोपऱ्यात छापलेले असावे, आणि प्रारूपात जमिनीची खोली व पोत कुठून घेतला तेही.

पिकाचे पाणी हा दुसरा, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. लहर आधी पिकातून खाली जाते, मग मातीवरून पिकातूनच वर येते. पीक म्हणजे बहुतांशी पाणीच. पिकातल्या पाण्याचे वजन दर चौरस मीटरला किती, यावर मातीपर्यंत पोचणे ठरते. सी-बँडला एक-दोन किलोपुढे जमीन धूसर होऊ लागते. निसारचा जो मृदा-ओलावा नकाशा ठरवलेला आहे त्याचे लक्ष्यच मुळात असे आहे : २०० मीटरचा चौकोन, चूक ६ टक्के (घनफळाने), आणि तेही जिथे पिकातले पाणी चौरस मीटरला ५ किलोपेक्षा कमी आहे तिथे.

आता उसाचा हिशेब करू. एकरी ४० टन ऊस म्हणजे ४०,००० किलो भागिले ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ १० किलो. त्यात ७० टक्के पाणी धरले तर ७ किलो, वाढे आणि पाचट वेगळेच. म्हणजे तोडणीच्या आधीचे चार-पाच महिने कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या चांगल्या उसाखालची जमीन एल-बँडच्याही ठरवलेल्या मर्यादेबाहेर असते. सी-बँडचा तर प्रश्नच नाही. त्याला दिसतो तो ऊस, उसाखालची सरी नव्हे. एखाद्या कारखान्याच्या शेती विभागाला ऑक्टोबरमध्ये ‘सरीतील ओलावा’ दाखवणारा सेंटिनेल-१चा नकाशा कोणी दिला, तर त्यात उसाच्या पानांची आणि कांड्यांची स्थिती आहे, पाळीच्या पाण्याची नाही. लावणीपासून पहिल्या दोन-तीन महिन्यांत, मोठी बांधणी होईपर्यंत, हाच नकाशा पुष्कळ उपयोगी ठरतो. म्हणून एकाच पिकाला हंगामभर एकच नियम लावून चालत नाही.

सोयाबीन, मूग, उडीद, हरभरा यांचे वजन कमी. एल-बँड त्यांच्यातून बरीच आरपार जाते. कपाशी जुलैत सोपी, सप्टेंबर-ऑक्टोबरला अवघड. द्राक्षबागेचा प्रकार निराळाच : तिथे रडारला आधी लोखंडी अँगल आणि तारांचा मांडव दिसतो. नाशिक-सांगलीच्या बागा, पॉलिहाऊस, शेडनेट, पत्र्याच्या शेडच्या कडेचे पिक्सेल हे सरळ गाळून टाकायचे; दुरुस्तीचा प्रयत्नही करायचा नाही. ठिबकचेही तसेच. ड्रिपरखाली हात-दीड हात रुंदीचा ओला गोळा आणि मधली चार-पाच फुटांची पट्टी कोरडी. रडार दोन्हींची सरासरी काढते आणि व्यवस्थित पाणी दिलेली बाग ‘ताणात’ दाखवते.

काळ्या जमिनीबद्दल सविस्तर लिहावे लागेल, कारण बहुतेक तयार सूत्रे तिच्यासाठी बनलेलीच नाहीत. पारगम्यतेवरून ओल काढण्याचे टॉप नावाच्या संशोधकाचे आणि सहकाऱ्यांचे १९८०चे समीकरण आजही जमिनीत पुरायच्या बहुतेक सेन्सरांच्या आत बसलेले असते. हलक्या व मध्यम पोताच्या खनिज जमिनीत ते चांगले चालते. आपल्या खोल काळ्या जमिनीत स्मेक्टाइट (पाण्याने फुगणारी) चिकणमाती भरपूर. तिच्या कणांना चिकटलेले पाणी मोकळ्या पाण्यासारखे वागत नाही, रडारला ते कमी भासते. उलट जमीन चांगली भिजली, त्यात क्षार असले, की विद्युतवाहकता वाढून काही सेन्सर ओल जास्त सांगतात. एकाच शेतात कोरड्या टोकाला कमी आणि ओल्या टोकाला जास्त अशी दुहेरी चूक होते. ती एका आकड्याची बेरीज-वजाबाकी करून निघत नाही.

त्याहून मोठा घोटाळा टक्क्यांचा. खोल काळ्या जमिनीत घनफळाने २५ टक्के ओल असली तरी पीक माना टाकू लागते, कारण उरलेले पाणी मुळांना सुटत नाही. रेताड-पोयट्याच्या जमिनीत २० टक्के म्हणजे वाफसा. एकाच रंगपट्टीवर रंगवलेल्या जिल्ह्याच्या नकाशात परभणीची काळी जमीन निळी आणि डोंगरपायथ्याची हलकी जमीन पिवळी दिसेल. पिकाची अवस्था नेमकी उलट असू शकेल. म्हणूनच केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत कच्ची टक्केवारी नसून उपलब्ध ओलाव्याची टक्केवारी निर्देशांक म्हणून घेतली आहे. ती काढायला त्या जमिनीची जलधारणक्षमता आणि मरणोक्त बिंदू (ज्याच्या खाली पीक पाणी उचलू शकत नाही) माहीत असावा लागतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे नकाशे इथे कामाला येतात. शिवाय एक तिसरी टक्केवारी बाजारात आहे : आजवरचा सर्वांत कोरडा दिवस म्हणजे शून्य आणि सर्वांत ओला म्हणजे शंभर, त्यातला आजचा क्रमांक. हीही पद्धत प्रतिष्ठित आहे, पण तिच्यातले ‘६०’ म्हणजे ६० टक्के पाणी नव्हे. तिन्ही टक्केवाऱ्या एका तक्त्यात आल्या की तालुक्याच्या बैठकीत काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

उन्हाळ्यातल्या भेगा हाही काळ्या जमिनीचाच हिस्सा. तीन-चार बोटे रुंद, हातभर खोल भेगांनी पृष्ठभागाचा खडबडीतपणा बदलतो आणि प्रतिध्वनी बदलतो. ओल मात्र तेवढीच असते. उथळ मुरमाड जमिनीत आणखी एक फसगत होऊ शकते. माती अगदी कोरडी असेल तर लहर खोल जाते, खालच्या दगड-मुरमावर आपटून परत येते आणि मे महिन्यात जमीन ‘ओलसर’ दिसते. शुष्क प्रदेशांत हे जगभर दिसून आले आहे. आपल्याकडे पुरंदर, माण-खटाव, आष्टी-पाटोद्यासारख्या पट्ट्यात एप्रिल-मेचे आकडे वापरण्याआधी ते तपासावेच लागेल.

मशागतीचा परिणाम लोकांना पटत नाही, म्हणून आकड्यात सांगतो. कुळवून, फळी मारून सपाट केलेल्या रानाची उंच-सखलता एक सें.मी.च्या आसपास, नांगरटीनंतरच्या ढेकळांची तीन-चार सें.मी. किंवा जास्त. एवढ्याने सी-बँडचा प्रतिध्वनी तीन डेसिबल सहज चढतो. वर दिलेल्या हिशेबाने तीन डेसिबल म्हणजे १० ते १५ टक्के ओल, जी जमिनीत नाही. मार्च-एप्रिलमध्ये गावात ट्रॅक्टर फिरले की नकाशावर ‘पाऊस’ पडतो तो असा. सऱ्यांची दिशाही अशीच नडते. उपग्रह ढोबळमानाने दक्षिणोत्तर फिरतो आणि रडार बाजूला, पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, तिरपे पाहते. दक्षिणोत्तर सऱ्यांचे वरंबे त्याच्या थेट समोर येतात आणि ते रान उजळते. शेजारचे पूर्व-पश्चिम सऱ्यांचे रान, तेवढेच भिजवलेले असूनही, मंद दिसते. उपाय साधा आहे : एका शेताची तुलना दुसऱ्या शेताशी न करता त्याच शेताच्या आधीच्या फेरीशी करायची, आणि तीही त्याच कक्षेतल्या, त्याच कोनाच्या फेरीशी. चढत्या (उत्तरेकडे जाणाऱ्या) आणि उतरत्या (दक्षिणेकडे येणाऱ्या) कक्षेची चित्रे एका आलेखात मिसळली की ओल दर सहा दिवसांनी वरखाली नाचताना दिसते. अशा नाचाला ‘सिंचनाची नोंद’ म्हणण्याचा मोह फार होतो.

साचलेले पाणी आणखी वेगळे. उघड्यावर साचलेले पाणी आरशासारखे वागते, लहर पलीकडे परावर्तित होते आणि ती जागा काळी दिसते. सपाट कोरडी जागाही काळीच दिसते. पिकात उभे पाणी असेल तर लहर पाण्यावरून धाटावर आणि तिथून परत रडारकडे येते, जागा एकदम उजळते. भंडारा-गोंदियात धानाची चिखलणी आणि रोवणी ओळखायला हे सुरेख कामाला येते : आधी काळे, मग तीन-चार आठवड्यांत उजळत जाणारे. पण ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१सारखा कृष्णा-पंचगंगेचा पूर आला आणि उंच उसात कमरेएवढे पाणी शिरले, तर सी-बँडच्या पूर-नकाशात उसाखालचे ते पाणी बरेचसे सुटते. पानांच्या वर पाणी गेले तरच ते नीट दिसते. पंचनाम्याच्या यादीतून एखादा गट ‘उपग्रहात पूर दिसत नाही’ म्हणून वगळण्याआधी तो नकाशा कोणत्या बँडचा होता, हे विचारले जावे ही आमची मदत व पुनर्वसन विभागाला खास विनंती आहे. इथे एल-बँडची आडव्या ध्रुवणाची (लहर आडवी सोडून आडवीच टिपलेली) चित्रे खूपच जास्त भरवशाची आहेत.

‘गटनिहाय’ या शब्दाकडे वळतो. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर. निसारचा २०० मीटरचा चौकोन ४ हेक्टरांचा, म्हणजे तीन सरासरी खातेदार एका आकड्यात. सेंटिनेल-१ची चित्रे १० मीटरच्या पिक्सेलने मिळतात खरी, पण त्यातल्या एका पिक्सेलचा आकडा निव्वळ रडारच्या कणीदार गोंगाटाने दोनेक डेसिबल इकडेतिकडे हलतो. ओलाव्यात बोलायचे तर सात-आठ टक्के. म्हणून सरासरी घ्यावी लागते. चौकोनी एकरात साधारण ३६ पिक्सेल बसतात. बांधावरची झाडे, शेजारचे पीक टाळण्यासाठी कडेची एक ओळ काढली की १६ उरतात. हे चालवून घेता येते. वाटण्या होऊन २० मीटर रुंद आणि २०० मीटर लांब उरलेल्या पट्टीत मात्र कडा काढल्यावर काहीच उरत नाही. अशा गटापुढे आकडा छापला असेल तर तो शेजाऱ्याचा आहे. याहून वाईट म्हणजे ९ किलोमीटरच्या चौकोनाचे आकडे गणिताने ‘खाली उतरवून’ दहा मीटरच्या रंगीत नकाशात घातलेले. अमेरिकेच्या स्मॅप उपग्रहाचे रडार जुलै २०१५मध्येच, सोडल्यापासून सहा महिन्यांत, बंद पडले; तेव्हापासून तो फक्त जमिनीतून निघणारी नैसर्गिक सूक्ष्मलहर मोजतो आणि म्हणून त्याचा चौकोन एवढा मोठा आहे. ती माहिती उत्तम आहे, जिल्ह्यासाठी. गटासाठी नाही.

फेऱ्यांचे अंतरही हिशेबात घ्या. निसार त्याच कक्षेत १२ दिवसांनी येतो. चढती-उतरती धरून १२ दिवसांत दोनदा पाहणी होते. जूनमध्ये रोज पाच-सहा मि.मी. बाष्पीभवन होत असताना वरच्या पाच सें.मी.तली ओल तीन-चार दिवसांत उडते. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाऊस पडून माती वाळूनही गेलेली असेल. म्हणून नुसते रडार पुरत नाही. रोजचा पाऊस आणि बाष्पीभवन यांचा ताळेबंद मांडायचा आणि रडारची फेरी आली की तो ताळेबंद दुरुस्त करायचा, ही रीत बरोबर. महसूल मंडळ पातळीवर राज्याच्या महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा नोंदवतच आहेत. त्यांचा इथे खरा उपयोग आहे.

मग रडार नेमके कुठे लावायचे? आमच्या मते पहिला आणि सर्वांत मोठा उपयोग खरिपाच्या पेरणीआधीचा. रान उघडे, मशागत झालेली, पीक नाही, आकाशात ढग म्हणून प्रकाशीय उपग्रह आंधळे. ‘७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरू नका’ हा आपला सल्ला पर्जन्यमापकावर चालतो, आणि जूनचा पाऊस एका शिवारात पडून शेजारच्याला सोडून जातो. मंडळातल्या कोणत्या गावांकडे वरची माती भिजलीच नाही, हे एल-बँड त्या दिवसांत चांगले सांगू शकते. खाली ओल किती गेली ते सांगणार नाही. त्याला सहाय्यक कृषी अधिकाऱ्याची (पूर्वीच्या कृषी सहायकाची) पहार किंवा गिरमिटच लागेल. पण पहार घेऊन कोणत्या गावात आधी जायचे, ते कळेल. दुबार पेरणीच्या धोक्याची गावे जुलैच्या पहिल्या आठवड्यात ओळखणे, हाही याच पद्धतीचा पुढचा भाग.

रब्बीत मात्र सावध. सोलापूर-मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवर वाढते. नोव्हेंबरात वरची पाच सें.मी. माती भुकटी झालेली असते आणि खाली दोन-तीन फुटांवर ओल शाबूत असते. मालदांडी वाणाची मुळे तिथे पोचलेली असतात. रडार प्रामाणिकपणे ‘कोरडे’ सांगेल. तो आकडा दुष्काळाच्या निर्देशांकात जसाच्या तसा घातला तर चांगल्या वर्षीही तालुका लाल होईल. आणि उलटही घडेल : ऑक्टोबरात एक सडाका पडून वरची माती ओली झाली की, खाली काहीच नसताना, तालुका यादीतून बाहेर जाईल. ज्यांचे नुकसान होईल त्यांना बँड आणि खोलीची भानगड कोणी समजावून सांगणार नाही.

आता जमिनीवरच्या मोजणीचे. राज्याच्या नऊ कृषी-हवामान विभागांत प्रत्येकी किमान तीन जागा निवडाव्यात : एक हलकी, एक मध्यम, एक खोल जमीन. कृषी विद्यापीठांची प्रक्षेत्रे आणि कृषी विज्ञान केंद्रे हाताशी आहेतच. जागा म्हणजे एक सेन्सर पुरलेला कोपरा नव्हे. २०० बाय २०० मीटरचा सलग, एका पिकाचा तुकडा हवा, त्यात ५० मीटरच्या जाळीने १६ ठिकाणे. एका शेतात ठिकाणागणिक ओल पाच टक्क्यांनी सहज बदलते. सोळांची सरासरी घेतली तर ती चूक सव्वा टक्क्यावर येते. एकच नमुना घेऊन उपग्रहाला खोटे ठरवणे जितके चूक, तितकेच त्याला खरे ठरवणेही.

नमुना १०० घन सें.मी.च्या स्टीलच्या कड्याने, ० ते ५ सें.मी.चा घ्यायचा. कडे सरळ ठोकायचे, दोन्ही तोंडे सुरीने सपाट करायची, डबा लगेच बंद करून वजन करायचे. भट्टीत १०५ अंशांवर २४ तास, पुन्हा वजन. समजा ओली माती १७२ ग्रॅम आणि कोरडी १३८ ग्रॅम. पाणी ३४ ग्रॅम, घनफळ १०० घन सें.मी., म्हणून घनफळाने ओल ३४ टक्के. हीच ओल वजनाने काढली तर ३४ भागिले १३८, म्हणजे जवळजवळ २५ टक्के. उपग्रह घनफळाने बोलतो आणि आपल्या बऱ्याच नोंदवह्यांत वजनाचे आकडे असतात. निम्मे वाद इथेच होतात. वजनाच्या आकड्याला पुस्तकातली घनता लावून बदलणेही काळ्या जमिनीत नडते, कारण ती फुगते आणि आकसते. वरच्या उदाहरणात १.३८ऐवजी पुस्तकातली १.२ घेतली तर ३४चे ३० होतात. घनता त्या दिवसाच्या त्याच कड्यातून घ्यावी.

मोजणी उपग्रहाच्या फेरीच्या वेळेच्या तीन तासांच्या आत. निसार आणि सेंटिनेल-१ दोन्ही सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास जातात. सकाळच्या फेरीला पानांवर दव असते, ते सी-बँडला पिकाचे पाणी म्हणून दिसते. दव होते की नव्हते ते लिहून ठेवावे. नोंदवहीच्या त्याच पानावर पिकाची उंची, ओळीची दिशा, शेवटची मशागत कोणती व कधी, शेवटचे पाणी कधी, हे चार रकाने. पिकातले पाणी मोजण्यासाठी सोयाबीनची एक मीटर ओळ जमिनीलगत कापायची, ओले वजन घ्यायचे, ६५-७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे. फरकाला ओळींच्या अंतराने भागायचे. ४५ सें.मी.च्या पेरणीत ४५० ग्रॅम फरक आला तर चौरस मीटरला बरोबर एक किलो. उसाला हेच काम कोयत्याने आणि काट्यावर करावे लागते, पण दर महिन्याला एकदा केले तरी कोणत्या तारखेनंतर ओलावा-नकाशा बंद करायचा, ती तारीख मिळते.

कायमचा सेन्सर पुरायचा असेल तर तो वरून खुपसू नये. खड्डा घेऊन त्याच्या भिंतीत पाच सें.मी. खोलीवर आडवा बसवावा, भोवती त्याच मातीचा पातळ चिखल भरावा, आणि हे काम जमीन एकदा चांगली भिजल्यानंतर करावे. डिसेंबरपासून सेन्सरला लागून भेग पडली की तो हवा मोजतो आणि आलेख एका रात्रीत कोसळतो. असा कोसळलेला आलेख दिसला की आधी खुरपे घेऊन जागेवर जावे. नकाशा दुरुस्त करायला बसू नये.

निविदेत काय असावे, त्याबद्दल. प्रत्येक आकड्याबरोबर फेरीची तारीख व वेळ, उपग्रह व बँड, ध्रुवण, कक्षा, आपातकोन (लहर जमिनीवर किती तिरपी पडली तो कोन) आणि मूळ डेसिबल मूल्य मिळाले पाहिजे. नुसता रंगीत नकाशा स्वीकारू नये. ओल कोणत्या खोलीची आणि कोणत्या टक्केवारीत, ते लिहिलेले हवे. पिकामुळे, उतारामुळे किंवा अरुंद पट्टीमुळे जिथे मोजता येत नाही तिथे रिकामी जागा सोडण्याची सक्ती हवी. शेजारच्या आकड्यांनी भरलेले भोक हे भोकच असते. वर सांगितलेल्या २७ जागांपैकी तिसरा हिस्सा पुरवठादाराला कळू देऊ नये. नकाशे आधी जमा, जमिनीचे आकडे नंतर उघड, या क्रमाने परीक्षा व्हावी.

परीक्षेतली एक ठरलेली हुलकावणी आधीच सांगून ठेवतो. मे ते ऑगस्टचे आकडे एकत्र घेतले तर कोणत्याही नकाशाचा जमिनीशी ०.८चा सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ) सहज निघतो, कारण मेमध्ये सगळे कोरडे आणि जुलैत सगळे ओले असते. कॅलेंडरसुद्धा एवढे गुण मिळवील. जुलै-ऑगस्टच्या पावसाच्या खंडातले आकडे वेगळे काढून मग सहसंबंध आणि चूक तपासावी. आणि तुलना करायची ती महावेधच्या जवळच्या केंद्रावरून मांडलेल्या साध्या पाऊस-वजा-बाष्पीभवन ताळेबंदाशी. त्या फुकटच्या ताळेबंदापेक्षा जो नकाशा खंडाच्या दिवसांत सरस ठरत नाही, त्याला पैसे देण्याचे कारण नाही.

विषयाला लागून असलेली आणखी एक वस्तू हल्ली ढकलगाड्यावर किंवा ड्रोनला लटकवून दाखवली जाते : जमिनीत शिरणारे रडार. वाळूत, कोरड्या मुरमात, बर्फात ते काही मीटर खाली बघते. ओल्या काळ्या मातीत त्याची ताकद वरच्या अर्ध्या-एक मीटरमध्येच संपते, कारण चिकणमाती ती शोषून घेते. पाइपलाइन, निचऱ्याच्या नळ्या, मातीखालचा कठीण थर शोधायला उथळ आणि कोरड्या जमिनीत ते वापरावे. त्यावरून बोअरची जागा दाखवणाऱ्याला अनुदानाच्या यादीत घेऊ नये; दगडातल्या खोल पाण्याच्या शोधाला विद्युत-रोधकता सर्वेक्षण हीच वापरातली रीत आहे. शंका असेल तर ज्याची खोली माहीत आहे अशा पाइपवर, जुलैच्या काळ्या रानात, त्यांच्याच यंत्राची चाचणी घ्यावी.

शेवटी तारखांचे. निसारची, ईओएस-०४ची आणि सेंटिनेल-१ची माहिती मोफत उपलब्ध आहे, तिच्यासाठी थांबायचे कारण नाही. अडणार आहे ते जमिनीवरचे काम. कोरड्या टोकाचा संदर्भ नांगरट-कुळवणी उरकल्यानंतर आणि पहिल्या पावसाआधी, म्हणजे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातच घेता येतो. तो हुकला की संबंध वर्षाच्या मोजणीला एक टोक नसते. म्हणून जागांची निवड एप्रिलअखेर, कडी-काटा-भट्टी १५ मेपर्यंत आणि पहिली मोजणी त्यानंतरच्या पहिल्या फेरीला, असे आदेश त्या-त्या विद्यापीठांना आधी जावेत आणि नकाशांची निविदा त्यानंतर निघावी.

आपले,
दूरसंवेदन, मृदाशास्त्र आणि पीकविम्याच्या आकडेवारीचे काम करणारे काही जण